मातीच्या भिंतीला गरिबीच्या रकान्यातून बाहेर काढा

ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल कुणाला द्यायचं, हे ठरवताना सरकारनं २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय गणनेचा आधार घेतला. त्या गणनेत प्रत्येक घराच्या भिंती आणि छप्पर कशाचं, याची नोंद होती. माती, कच्ची वीट, कुड, गवत, झावळ्या हे सगळं कच्चं. भाजलेली वीट, सिमेंट, स्लॅब हे पक्कं. कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर असलेल्या एक-दोन खोल्यांत राहणारं कुटुंब पात्र ठरलं. गरजू माणूस शोधण्यापुरती ही खूण ठीक होती, कारण पडक्या मातीच्या घरात राहणारा माणूस बहुतेक वेळा गरीबच असतो. चूक पुढे झाली. गरिबी ओळखायला वापरलेली खूण हीच जणू गरिबी, असं सगळे धरून चालले. माती गेली की गरिबी गेली, हे गावोगावच्या ग्रामसेवकापासून गवंड्यापर्यंत सगळ्यांच्या मनात बसलं, आणि लाभार्थ्याच्या मनात तर त्याहून घट्ट.

याच योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पक्क्या घराची व्याख्याही आहे. रोजच्या वापरानं होणारी झीज आणि हवामानासकट निसर्गाचा मारा जे घर वाजवी देखभालीसह किमान ३० वर्षं सोसू शकतं, ते पक्कं. या वाक्यात सिमेंट नाही, सळई नाही, स्लॅब नाही. नीट बांधलेलं मातीचं, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं किंवा बांबूचं घर या कसोटीला सहज उतरेल. मुंबईत ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानं बंधनकारक आहे, कारण खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. काँक्रीट हे पिढ्यान्‌पिढ्या बघावं लागणार नाही असं बांधकाम आहे, ही समजूत शहरातल्या कायद्यानंच खोटी ठरवली आहे. तीच समजूत खेड्यात मात्र अनुदानाच्या हप्त्याहप्त्यानं पोहोचवली जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की घर कशाचं आहे यावर न जाता ते काय करतं, कुठून आलं आणि पडल्यावर त्याचं काय होणार, यावरून त्याची पारख व्हावी. सरकारी व्याख्येतच ही पारख अर्धीअधिक लिहिलेली आहे, ती अमलात यायला हवी. आणि हीच पारख ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूलाही लागू व्हायला हवी. तिथे आपण फार सैल सोडतो.

आज महाराष्ट्रात मातीचं घर बांधणारे दोनच टोकांना सापडतात. एका टोकाला ज्याला दुसरं काही परवडतच नाही असा माणूस. दुसऱ्या टोकाला मुळशी-मावळात किंवा कोकणात जमीन घेऊन, वास्तुरचनाकार नेमून, हौसेनं मातीच्या भिंती उभारणारा शहरी माणूस. या दुसऱ्या माणसाचं काम मला मोलाचं वाटतं. त्याच्यामुळे चुन्याचं काम जाणणारे चार गवंडी आणि बांबूचं काम जाणणारे चार कारागीर टिकले. पण मधला सगळा समाज, म्हणजे कर्ज काढून घर बांधणारा शिक्षक, घरकुलाचे १ लाख २० हजार रुपये मिळालेली विधवा, भावांत वाटणी झाल्यावर नवं घर घालणारा शेतकरी, यांच्यासमोर वीट-सिमेंट-स्लॅब किंवा वीट-सिमेंट-पत्रा याखेरीज पर्यायच ठेवलेला नाही. बँकेचा मूल्यांकनकार मातीच्या भिंतीची किंमत लावत नाही, अभियंत्याच्या दरसूचीत तिचा दर सापडत नाही, गवंड्याच्या हाताला तिची सवय राहिलेली नाही. पर्यावरणाची काळजी ही ऐपतवाल्यांची आवड होऊन बसली आहे, ती अशी.

यावर महाराष्ट्रात एक उत्तर ठरलेलं आहे: किल्लारी. ते टाळून मातीची बाजू मांडणं अप्रामाणिकपणाचं होईल.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सरकारी नोंदीप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक जण झोपेत, आपल्याच घराच्या भिंतींखाली सापडले. त्या भिंती दीड-दोन फुटांहून जाड होत्या. बाहेरून दगडांचा एक थर, आतून एक थर आणि मधल्या पोकळीत गोटे नि चिखल. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. हादरा बसला तशी भिंत उभी फाटली, एक थर आत कोसळला आणि एक बाहेर. वर माळवद. लाकडावर मातीचा थर आणि गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यात नवी भर. वर्षानुवर्षांत तो थर इतका जाड झाला होता की छप्पर म्हणजे टनावारी माती डोक्यावर टांगलेली होती. पण त्याच गावांत, ज्या घरांचं माळवद लाकडी खांबांच्या खणांवर तोललेलं होतं, तिथे बऱ्याच ठिकाणी भिंती ढासळल्या तरी खण उभे राहिले. जीव वाचवणारी रचनासुद्धा त्याच मातीतली, त्याच सुतारांच्या हातची होती.

भारतीय मानक ब्युरोनं त्याच १९९३ साली दोन मार्गदर्शक मानकं काढली. मातीच्या इमारतींसाठी आयएस १३८२७ आणि कमी मजबुतीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी आयएस १३८२८. त्यांत सांगितलेल्या गोष्टी अवघड नाहीत. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड, जोत्याच्या, लिंटलच्या (दारं-खिडक्यांवरच्या तुळईच्या) आणि छपराच्या पातळीला घराभोवती फिरणारा पट्टा, कोपऱ्यांची पक्की सांधणी, दारं-खिडक्या कोपऱ्यापासून दूर, आणि वर हलकं छप्पर. ज्या गावांचं स्थलांतर झालं नाही, तिथली जुनी घरं मजबूत करताना याच तऱ्हेचे उपाय शिकवले गेले. पण बावन्न गावं नव्या जागी वसली, तिथे सिमेंटची घरं उभी राहिली आणि मराठवाड्याच्या मनात कायमचं कोरलं गेलं ते एवढंच: दगडमाती मारते. ज्यांनी एका पहाटेत अख्खं घर गमावलं त्यांच्या या भीतीशी वाद घालायचा मला अधिकार नाही. मात्र ती भीती धोरणाचा पाया होऊ शकत नाही, कारण पुढच्या एका भूकंपात दुसरी बाजू दिसली. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं तेव्हा दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला गाड्या लावण्यासाठी नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेला होता. आणि कच्छमधल्याच बन्नी भागातली ‘भुंगा’ म्हणून ओळखली जाणारी गोल घरं, मातीच्या भिंती नि वर गवताचं हलकं शंकूसारखं छप्पर, मोठ्या संख्येनं उभी राहिली. अहमदाबादनंतर काँक्रीटला कुणी कच्चं ठरवलं नाही. रचनेत काय चुकलं ते शोधलं, नियम कडक केले, आणि तेच योग्य होतं. हाच न्याय किल्लारीनंतर दगडामातीला मिळायला हवा होता.

आता सिमेंटबद्दल. ते टाकून द्या असं मी म्हणत नाही. घराच्या पायामध्ये, पट्ट्यात, न्हाणीघरात, पाण्याच्या टाकीत ते लागतंच. पण ते काय आहे हे माहीत असावं. चुनखडीचा दगड मातीसह सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवल्यावर क्लिंकर, म्हणजे सिमेंटचा मूळ घटक, बनतो. इंधनाचा धूर हा हिशेबाचा लहान भाग. मोठा भाग दगडातूनच सुटतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि छप्पन्न किलो कळीचा चुना हाती राहतो. इंधन कितीही स्वच्छ वापरा, हा वायू सुटतोच. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा आहे तो यामुळे. साध्या चुन्यासाठीही दगड भाजावा लागतो, पण ९०० अंशांच्या आसपास. आणि भिंतीवर चढल्यावर चुना वाळता वाळता त्यातला बराचसा वायू हवेतून परत ओढून घेतो. म्हणून जिथे सिमेंट हवं तिथे ते वापरावं, दुकानात राखमिश्रित किंवा स्लॅगमिश्रित सिमेंट मागून घ्यावं, आणि जिथे चुना किंवा माती पुरते तिथे सिमेंट घालू नये. आज उलट चाललंय. घराचा एकही कण सिमेंटवाचून राहू नये, असं बांधकाम हेच चांगलं बांधकाम मानलं जातं.

जुन्या वाड्यांचं याच्यामुळे फार नुकसान होतंय. माती आणि चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. दुरुस्तीच्या नावाखाली तिला सिमेंटचा गिलावा केला, वर प्लॅस्टिक रंग दिला, की जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही. ती आत मुरते, लाकूड कुजवते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे पडायला लागतात. मग दोष जुन्या भिंतीला दिला जातो. पुण्या-सातारा-वाईकडच्या कितीतरी घरांना पाडायची वेळ या दुरुस्तीनं आणली आहे. सगळ्यांत पर्यावरणस्नेही घर कुठलं असं मला कुणी विचारलं, तर आधीच उभं असलेलं घर, असंच मी सांगेन. त्याचं लाकूड तोडून झालंय, वीट भाजून झाली आहे, दगड वाहून झालाय. ते पाडून त्या जागी ‘इको-फ्रेंडली’ बंगला बांधणं हा हिशेब कुठल्याच बाजूनं जमत नाही.

आणि इथे नैसर्गिक सामग्रीच्या बाजूनं बोलणाऱ्यांना, म्हणजे आमच्यासारख्यांना, चार कठोर प्रश्न विचारायला हवेत. कोकणातला चिरा घ्या. बांधकामाला याहून गुणी दगड मिळणं अवघड. जमिनीत असताना मऊ, कापायला सोपा. हवेवर आला की त्यातलं लोह घट्ट होत जातं आणि दगड कठीण बनतो. भट्टी नाही, जाळ नाही. भिंत जाड, उन्हाळ्यात आत गारवा. कोकणातल्या माणसानं आपल्याच गावच्या खाणीतला चिरा आपल्या घराला लावावा यात मला काहीही वावगं दिसत नाही. पण चिरा निघतो तो सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, आणि सडा म्हणजे ओसाड खडक नव्हे. पावसाळ्यात त्यावर पाण्याची तळी साचतात, आठ-दहा आठवड्यांसाठी जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या वनस्पती फुलतात. हा खडक पाणी जिरवतो, आणि सड्याच्या पायथ्याच्या वाड्यांचे झरे त्याच पाण्यावर चालतात. बारसू, देवीहसोळ, कशेळीच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कातळशिल्पं कोरली आहेत, आणि कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. सातबाऱ्यावर मात्र असा सडा बहुधा पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, म्हणून लागलेला. भिंतीची माती जशी एका रकान्यानं कच्ची ठरली, तसा सडा दुसऱ्या रकान्यानं निरुपयोगी ठरला. मग यंत्रं लावून तो खणायला फार विचार करावा लागत नाही. खाण संपल्यावर उरतात ते सरळ कडांचे खोल खड्डे, न भरलेले, कुंपण नसलेले.

तेव्हा चिरा नैसर्गिक आहे, हे खरं आणि अपुरं. गावच्या घरांपुरता, ग्रामसभेनं ठरवलेल्या जागेतून, खड्डा बुजवायच्या अटीवर काढलेला चिरा वेगळा. आणि पुण्याच्या बंगल्याला ‘रस्टिक लुक’ यावा म्हणून ट्रकमधून घाट चढून गेलेला चिरा वेगळा. तिथे तो काँक्रीटच्या सांगाड्यावर नुसता चिकटवला जातो. भार पेलत नाही, उष्णता अडवण्याचं काम थोडंफार करतो, आणि डिझेल जाळून सड्याचा तुकडा शोभेला आणलेला असतो.

विटेचंही तसंच. भाजलेली वीट म्हणजे शेताचा वरचा सुपीक थर आणि कोळसा. शिवाय दिवाळीनंतर रायगड-ठाणे-पालघरमधली कातकरी कुटुंबं लेकरांसकट उचल घेऊन भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात, आणि त्या काळात मुलांची शाळा बुडते. विटेच्या भावात हे कुठेच दिसत नाही. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेल्या रॅट ट्रॅप पद्धतीनं वीट उभी रचून मधे पोकळी ठेवली, तर तेवढ्याच भिंतीला जवळपास चौथा हिस्सा विटा कमी लागतात आणि घर थंडही राहतं. इतकं साधं तंत्र आमच्याकडच्या तालुक्याच्या गावात एकाही गवंड्याला येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं. औष्णिक वीज केंद्रांच्या राखेच्या विटा कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे या परिसरांत सहज मिळू शकतात. त्या ‘नैसर्गिक’ नाहीत, पण तिथे त्या मातीच्या भाजलेल्या विटेपेक्षा जास्त जबाबदार आहेत, कारण ती राख नाहीतर तळ्यात साठून ओढ्या-नद्यांत आणि शेतांत उतरते. मराठवाड्यात घरांसाठी जुन्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेच्या, टेकाडांतून माती उकरतात. तीही नैसर्गिकच, पण त्या टेकाडांत शेकडो वर्षांच्या वस्तीचे थर असतात आणि एकदा उकरले की गेले.

म्हणून घर बांधणाऱ्यानं दुकानातल्या पाटीवर विसंबू नये. ही वस्तू किती लांबून आली, तिच्यासाठी किती जाळलं गेलं, कुणी कुठल्या अटीवर राबून ती काढली, गावातला माणूस ती दुरुस्त करू शकेल का, आणि उद्या घर उतरवलं तर ती परत वापरता येईल किंवा मातीत मिसळेल का, हे विचारावं. मंगळुरी कौल एक एक काढून दुसऱ्या घरावर चढवता येतं, फुटलं तर तेवढंच बदलता येतं. सिमेंटचा पत्रा फुटला की त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ उडते. जगातल्या कित्येक देशांनी त्यावर बंदी घातली आहे, आपल्याकडे तो अजून गोठ्यावर आणि घरावर चढतोय. कौलाला वासे-रिपा लागतात, म्हणजे लाकूड लागतं, हेही खरं. पण सिंधुदुर्गात शेतकरी बांधावर माणगा बांबू लावतात. २०१७ मध्ये वनेतर जमिनीवरचा बांबू कायद्यानं ‘झाड’ राहिला नाही, त्यामुळे तो तोडायला नि न्यायला पूर्वीसारखी अडचण उरली नाही. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात मुरवला, पावसापासून झाकून ठेवला, तर त्याला पोरकिडा लवकर लागत नाही. न मुरवता वापरलेला बांबू दोन वर्षांत भुसा होतो, आणि मग बांबूच वाईट असं ठरतं.

यापेक्षा मोठा आक्षेप बायांचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. मातीचं घर टिकतं ते देखभालीवर, आणि ती देखभाल आजवर कुणी केली? शेण आणणं, दर आठ-पंधरा दिवसांनी भुई सारवणं, पावसाळ्याआधी भिंती लिंपणं, पडवीचे खड्डे भरून चोपणं, हे सगळं बाईच्या अंगावर. बाहेर शेतात दिवसभर राबून वर हे. फरशी आली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं असेल, तर तिला संस्कृतीचे धडे द्यायला आपण कोण? मातीच्या घराचं गुणगान गाणारे बहुतेक पुरुष आहेत हेही ध्यानात ठेवलेलं बरं. पण यातून वाट निघते. भिंत मातीची आणि भुई शहाबादी फरशीची असू शकते. शहाबाद काही कच्चं नाही आणि तीही दगडच आहे. बाहेरच्या भिंतीला चुन्याचा गिलावा, उंच जोतं, आणि पागोळ्या भिंतीपासून चांगल्या लांब पडतील एवढी रुंद वळचण दिली तर दरवर्षीचं लिंपण उरत नाही. जुन्या घराची हुबेहूब नक्कल करायची गरज कुणालाच नाही.

हे शक्य आहे हे दाखवणारी कामं आपल्याच राज्यात झाली आहेत. सेवाग्रामची बापू कुटी १९३० च्या दशकापासून उभी आहे, तीही विदर्भाच्या उन्हात आणि पावसात. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराकडून शंकूच्या आकाराच्या नळ्या घडवून त्या एकमेकींत अडकवून कमानीचं छप्पर करण्याची पद्धत उभी केली. सळई नको, स्लॅब नको, आणि कुंभाराच्या चाकाला काम. केंद्र सरकारनंच वेगवेगळ्या राज्यांसाठी स्थानिक सामग्रीच्या घरांचे आराखडे तयार करून घेतलेले आहेत. ते तालुक्याच्या अभियंत्याच्या टेबलावर कधी येत नाहीत. त्याला हप्ता सोडायचा असतो, जोत्याचा फोटो, लिंटलचा फोटो, छताचा फोटो अपलोड करायचा असतो, आणि ठरलेल्या आराखड्यापेक्षा वेगळं काही दिसलं तर उद्या लेखापरीक्षणात आपण अडकू ही भीती असते. ती भीती खोटी नाही. म्हणून दोष त्या अभियंत्याला न देता त्याला लेखी संरक्षण द्यायला हवं. आयएस १३८२७ प्रमाणे पट्टे आणि सांधणी असलेली मातीची भिंत, चिऱ्याची भिंत, मुरवलेल्या बांबूचं छप्पर यांना घरकुलात मान्यता आहे, असा एका पानाचा शासन निर्णय निघाला पाहिजे.

त्याच्या जोडीला राज्याच्या दरसूचीत मातीच्या, चुन्याच्या आणि बांबूच्या कामाचे दर यायला हवेत, कारण ज्याचा दर नाही त्याचं अंदाजपत्रक होत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत गवंडीकाम शिकवताना सिमेंटबरोबर चुना आणि मातीही शिकवावी. घरकुलाच्या रचनेत रोजगार हमीतून नव्वद ते पंचाण्णव दिवसांच्या अकुशल मजुरीची तरतूद केलेली होती. मातीचं काम मजुरीचं काम असतं, पैसा सिमेंटच्या दुकानात जाण्याऐवजी घर बांधणाऱ्या कुटुंबाच्या हातात राहतो. आणि सुरुवात गरिबाच्या घरापासून होऊ नये. आधी तलाठी कार्यालय, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य उपकेंद्र आणि सरपंचाचं घर चिऱ्याचं, मातीचं, बांबूचं बांधून दाखवावं. मग घरकुलाच्या लाभार्थ्याला विचारावं की तुला कुठलं हवं, आणि तो स्लॅब म्हणाला तर स्लॅबच द्यावा.